हलत्या वर्गासाठी छात्रशिक्षकांची तयारी: खानदेशातल्या अध्यापक विद्यालयांसाठी मार्गदर्शक

डी.एल.एड. आणि बी.एड.च्या अभ्यासक्रमात एक गोष्ट न बोलता धरून चाललेली असते. जूनमध्ये समोर बसलेली मुलं एप्रिलपर्यंत तिथेच बसलेली असतील. घटक नियोजन त्यावर उभं, पाठ टाचण त्यावर उभं, 'मागील पाठावर आधारित प्रश्न' तर त्याशिवाय विचारताच येत नाहीत. खानदेशात हा हिशेब दिवाळीनंतर मोडतो. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर, साक्री या भागातली कुटुंबं ऊसतोडीला निघतात, त्यातली बरीचशी दक्षिण गुजरातेत. चाळीसगावकडच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राची वाट धरतात. नंदुरबारभोवती मिरचीच्या पथाऱ्या, म्हणजे मिरची सुकवायची मैदानं, भरतात, नदीकाठच्या गावांबाहेर वीटभट्ट्या पेटतात. होळी जवळ आली की माणसं परततात. सातपुड्यात तर होळीला घरी नसणं ही कल्पनाच कोणाला सहन होत नाही. या चार-पाच महिन्यांत शाळेच्या पटावरचं मूल कुठेतरी असतं, आणि त्याला शिकवायला आपण ज्या तरुणांना तयार करतो आहोत त्यांना त्या 'कुठेतरी'ची काहीच ओळख नसते.

हा लेख अध्यापक विद्यालयांतले प्राध्यापक, छात्रसेवाकालाचे (शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवण्याच्या काळाचे) समन्वयक, डायटमधले (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतले) सहकारी आणि मार्गदर्शक शिक्षक यांच्यासाठी आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: समोरचं मूल उद्या इथे नसेल हे धरून आजचा पाठ घेता येणं, हे पर्यायी शिक्षणातलं पहिलं कौशल्य आहे. बाकीची तयारी, म्हणजे भाषा, स्तर पाहणं, नोंदी, पालकांशी बोलणं, या एका गोष्टीभोवती बसवावी लागते.

जागा ठरवणं

'पर्यायी' या एका शब्दाखाली आपल्याकडे किती वेगवेगळ्या जागा येतात ते आधी छात्रशिक्षकांसमोर मांडा. स्थलांतर टळावं म्हणून गावातच चालणारी हंगामी वसतिगृहं. ऊसतोडीच्या पडावावर, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या वस्तीत, कोप्यांच्या (झोपड्यांच्या) शेजारी भरणारे वर्ग. वीटभट्टीवरचे आणि पथारीवरचे वर्ग. शाळाबाह्य मुलांना वयानुरूप वर्गात बसवल्यावर नेहमीच्या शाळेतच चालणारं विशेष प्रशिक्षण. कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयं. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा. नर्मदाकाठच्या जीवनशाळा, ज्या नर्मदा बचाओ आंदोलनातून १९९०च्या दशकात उभ्या राहिल्या आणि ज्यांनी बुडितातल्या गावांमध्ये, गावातल्याच शिकलेल्या तरुणांना शिक्षक करून, मुलांच्या बोलीतून शिकवायला सुरुवात केली. बालगृहं आणि निरीक्षणगृहं. दहावी सुटलेल्यांसाठी मुक्त विद्यालयाची केंद्रं.

या सगळ्या जागा सारख्या नाहीत. आश्रमशाळेत मूल दिवसरात्र तिथेच असतं आणि प्रश्न एकटेपणाचा असतो. पडावावर मूल आईबापाजवळ असतं आणि प्रश्न वेळेचा असतो. आश्रमशाळेसाठी तयार केलेली छात्रशिक्षिका वीटभट्टीवर गोंधळते ती यामुळे. पहिल्या वर्षी एकाच प्रकारची जागा घ्या. माझी शिफारस हंगामी वसतिगृह किंवा नेहमीच्या शाळेतलं विशेष प्रशिक्षण अशी आहे, कारण तिथे अनुभवी शिक्षक हाताशी असतो. निरीक्षणगृहात नवख्यांना पाठवू नका. तिथली मुलं आधीच अनेक अनोळखी माणसांच्या प्रश्नांना तोंड देऊन आलेली असतात.

दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये छात्रसेवाकाल २० आठवड्यांचा आहे. त्यातले किमान तीन ते चार आठवडे सलग या जागेसाठी काढा, तेही दिवाळी ते होळी या काळात. आठवड्यातून एक दिवस असं वाटून दिलं तर छात्रशिक्षकाला हजेरीचा चढउतार दिसतच नाही, आणि तोच तर दाखवायचा आहे. कायम जोडीने पाठवा. जोडीतल्या एकाला तरी तिथली बोली येत असावी.

परवानग्या लेखी घ्या: शाळेसाठी गटशिक्षणाधिकारी आणि मुख्याध्यापक, आश्रमशाळेसाठी त्या भागातलं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय (आपल्याकडे नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल), बालगृहासाठी जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी. पथारीवर किंवा भट्टीवर मालक आणि मुकादम यांच्याशी प्राध्यापकाने स्वतः जाऊन बोलायचं. मुकादमाला पटवण्याचं काम वीस-बावीस वर्षांच्या मुलीवर टाकू नये.

खिशातला कायदा

शिक्षण हक्काचा कायदा सगळ्यांनी परीक्षेपुरता वाचलेला असतो. इथे तो वापरावा लागतो, म्हणून चार-पाच कलमं पाठ असू द्या. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे शाळेत कधीच न गेलेल्या किंवा मधेच सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळतं. चौदा वर्षं उलटली तरी प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत त्याचा हक्क जात नाही. केंद्राच्या नियमांत या प्रशिक्षणाची मुदत तीन महिने ते दोन वर्षं अशी आहे. कलम ५ सांगतं की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कलम १४ सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणूनही अडवता येत नाही. कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी करतं. 'तुझं काही होणार नाही' असं पोराला चारचौघांत म्हणणं मानसिक छळात येतं, हे छात्रशिक्षकांना स्पष्ट सांगा. त्यांनी स्वतः लहानपणी असलं बरंच ऐकलेलं असतं आणि त्यात काही वावगं आहे असं त्यांना वाटत नाही.

बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७४ बालगृहातल्या मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं. म्हणजे फोटो नाही, स्टेटस नाही, अहवालात नाव नाही. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर २०१२च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ती कळवणं बंधनकारक आहे. छात्रशिक्षकाने स्वतः तपास करत बसायचं नाही, मुलाला पुन्हापुन्हा विचारायचं नाही, त्याच दिवशी मार्गदर्शकाला सांगायचं, आणि तक्रार पोलिसांपर्यंत वेळेत पोहोचेल हे मार्गदर्शकाने पाहायचं. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक प्रत्येकाच्या वहीच्या पहिल्या पानावर असावा.

भाषेची तयारी महिनाभर आधी

जळगाव-धुळ्याकडच्या छात्रशिक्षकांचा एक समज असतो की आपण खानदेशी, म्हणजे आपल्याला इथली भाषा येते. अहिराणी अमळनेर, पारोळा, साक्री, शिंदखेड्यात उपयोगी पडते. धडगावच्या पाड्यावर पावरी लागते, नवापूरकडे मावची, अक्कलकुव्याकडे भिलीची वेगवेगळी रूपं, यावल-रावेरच्या डोंगरकडेला तडवी. अहिराणी बोलणारा तरुण धडगावात तितकाच परका असतो जितका पुण्याचा. हे त्याला जागेवर जाऊन कळण्यापेक्षा विद्यालयात कळलेलं बरं.

उपाय सोपा आहे आणि जवळच आहे. तुमच्याच तुकडीत पावरी, भिली, मावची घरी बोलणारे छात्रशिक्षक बसलेले असतात; बहुतेकदा शेवटच्या बाकांवर, कमी बोलणारे. महिनाभर रोज अर्धा तास त्यांना शिक्षक करा. शंभरेक शब्द आणि वीस वाक्यं पुरतात: ये, बस, दाखव, परत सांग, दुखतंय का, भूक लागली का, पाणी कुठे आहे, कोणाबरोबर आलीस, घाबरू नकोस. नात्यांचे शब्द, आकडे, अंगाचे अवयव, रोजच्या कामाची अवजारं. हे शब्द देवनागरीत लिहून प्रत्येकाने आपली वही करायची, उच्चार फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवायचे. या महिन्यात आणखी एक गोष्ट घडते. जी मुलगी मराठीच्या तासाला तोंड उघडत नव्हती ती इतरांना दुरुस्त करायला लागते, आणि 'बोलीमुळे मूल मागे पडतं' हे वाक्य तुकडीतून आपोआप कमी होतं.

आता वर्गातलं बघू. अहिराणी घरातलं पोर पाटीवर लिहितं, 'मनी माय वावरमा गयी.' छात्रशिक्षकाचा हात लाल पेनकडे जातो. त्याला थांबवायला शिकवा. या वाक्यात कर्ता आहे, क्रियापद आहे, 'माय' स्त्रीलिंगी म्हणून 'गयी' आहे, 'मा' हा प्रत्यय नेमका जिथे हवा तिथे आहे. पोराला वाक्य येतं, लिपी येते, फक्त प्रमाण मराठीत तिथे 'त' लागतो हे माहीत नाही. पहिल्या आठवड्यात यावर शिक्षकाने नुसतं बोलावं, 'हो का, माय वावरात गेली? कापूस वेचायला?' आणि पुढे जावं. दुसऱ्या आठवड्यात दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी शेजारी लिहून 'घरी असं, पुस्तकात असं' दाखवावं. मुलंच मग 'घरमा-घरात, शाळामा-शाळेत' अशी जोड्यांची यादी लांबवत नेतात. खोडून दुरुस्त केलेलं वाक्य मूल पुन्हा लिहीत नाही, ते लिहिणंच टाळतं.

बोललेलं लिहून घेणं ही आपल्या मातीतली रीत आहे. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. काम करता करता त्या जे म्हणत ते मुलगा सोपानदेव आणि एका नातलगाने टिपून ठेवलं, म्हणून आज ते आपल्यापाशी आहे. छात्रशिक्षकाने रोज एका मुलाचं बोलणं शब्दशः, त्याच्याच बोलीत, मोठ्या कागदावर लिहून घ्यावं आणि त्यालाच वाचायला द्यावं. आपण बोललेलं असल्यामुळे अक्षर ओळखीचं नसलं तरी अर्थ माहीत असतो, आणि वाचनाची सुरुवात तिथून फार लवकर होते.

मूल कुठे आहे ते पाहणं

इयत्ता विचारू नका. 'कितवीला आहेस?' या प्रश्नावर अकरा वर्षांची मुलगी मान खाली घालते, कारण पटावर ती पाचवीत असते आणि वाचायला येत नसतं. चटईवर शेजारी बसून, दहा मिनिटांत, एका वेळी एकाच मुलाचा स्तर पाहायचा. वाचनासाठी पाच पायऱ्या पुरतात: प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. अडलं की खालच्या पायरीवर या आणि जे येतं त्यावर थांबा. मुलाने उठताना शेवटचं उत्तर बरोबर दिलेलं असावं.

गणितात तोंडी आणि लेखी वेगवेगळं पाहिलंच पाहिजे, कारण या मुलांमध्ये दोहोंतलं अंतर फार मोठं असतं. समजा वेचणीचा भाव किलोला १० रुपये आहे. 'तेवीस किलो वेचला तर किती?' असं विचारलं की मुलगी क्षणात दोनशे तीस सांगते. 'तेवीस लिही' म्हटलं की लिहिते ३२. तिला तीन ऐकू आलं आधी, वीस नंतर. ऐकलं तसं लिहिलं. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस तीन' अशी वाचनपद्धत आली तेव्हा राज्यभर वाद झाला होता, पण अडचण खरी होती आणि ती इथे रोज दिसते. छात्रशिक्षकाने 'गणित कच्चं' असं लिहिलं तर ती नोंद चुकीची. खरी नोंद अशी: 'दोन अंकी संख्येला १० ने गुणून तोंडी उत्तर बिनचूक, दोन अंकी संख्या लिहिताना दशक-एकक उलटतात.' अशी नोंद वाचून दुसरा शिक्षक उद्याचं काम लगेच सुरू करू शकतो. तुरीच्या किंवा पऱ्हाटीच्या काड्यांच्या दहा-दहाच्या मोळ्या बांधून, मोळ्या डावीकडे आणि सुट्या काड्या उजवीकडे ठेवत गेलं की ही उलटापालट चार-सहा दिवसांत कमी होते.

एका दिवसात पुरा होणारा पाठ

हा सगळ्यात मोठा भाग आहे आणि विद्यालयात सर्वात जास्त वेळ यालाच द्या.

नेहमीचं टाचण ३५ मिनिटांचं असतं आणि एका घटकाचा तुकडा असतो. इथे दोन तासांचा एक अखंड पाठ लागतो, त्याला कालच्याचा आधार नसतो आणि उद्याचा भरवसा नसतो. कसोटी एकच ठेवा: आज पहिल्यांदा आलेलं आणि उद्या निघून जाणारं मूल यातून काही पूर्ण घेऊन गेलं का? 'उर्वरित भाग पुढील तासिकेत' हे वाक्य टाचणातून काढून टाका.

मिरचीच्या पथारीवरचा एक पाठ सविस्तर सांगते. वेळ दुपारची, जेवणानंतरची; सकाळी देठ खुडण्याची घाई असते. सुरुवात हात धुण्यापासून करा, साबणाने, दोनदा. मिरचीच्या हाताने एखाद्याने डोळा चोळला की पुढचा अर्धा तास वर्ग त्याच्या रडण्यात जातो. मग गोल बसून प्रत्येकाने सकाळी काय केलं त्याचं एकेक वाक्य सांगायचं. छात्रशिक्षिका ते मोठ्या कागदावर लिहीत जाते, ज्याचं वाक्य त्याचं नाव पुढे. सात-आठ वाक्यं झाली की तो आजचा धडा. सगळे मिळून दोनदा वाचायचा, बोट ठेवून.

त्यानंतर तीन गट, विषय तोच. ज्यांना अक्षरं येत नाहीत ती मुलं कागदावर आपलं नाव शोधतात, 'मिरची' हा शब्द कुठे कुठे आला तिथे गोल करतात, त्यातला 'र' आणखी कोणाच्या नावात आहे ते पाहतात. ज्यांना शब्द वाचता येतात ती आपलं वाक्य वहीत उतरवून त्याला आणखी एक जोडतात. वाचणारी मुलं पावती तयार करतात: नाव, तारीख, किती किलो, भाव, एकूण. छात्रशिक्षिका पहिल्या गटापाशी जास्त वेळ बसते, तिसऱ्याला मधूनमधून पाहते. दुसऱ्या तासात काड्यांच्या मोळ्या, मग वजनाचा अंदाज: ओंजळभर मिरची किती ग्रॅमची, आधी अंदाज, मग काट्यावर. शेवटची पंधरा मिनिटं गाणं किंवा गोष्ट. जाताना प्रत्येकाच्या हातात स्वतः लिहिलेला किंवा काढलेला एक कागद असतो, तारखेसह.

हा पाठ विद्यालयात सरावासाठी घ्यायचा तो असा. सहाध्यायी मुलं होतात, पण आपापल्या वेगवेगळ्या स्तराच्या चिठ्ठ्या घेऊन. पाठ रंगात आला की प्राध्यापकाने चौघांना उठवून बाहेर न्यायचं, 'ट्रॅक्टर आलाय.' दहा मिनिटांनी पाच नवे आत सोडायचे, त्यातल्या एकीच्या कडेवर बाळ म्हणून गुंडाळलेली चादर. शिकवणाऱ्याने काय केलं ते बाकीच्यांनी लिहायचं: नव्यांना किती वेळात कामाला लावलं? पुन्हा पहिल्यापासून सांगत बसला का? जुन्या मुलांपैकी एकाला नव्याशेजारी बसवलं का? पहिल्यांदा बहुतेकांचा पाठ कोलमडतो. तिसऱ्यांदा ते दारात बसलेल्या नव्या मुलासाठी आधीच एक काम तयार ठेवायला लागतात. या सरावाला सूक्ष्म अध्यापनाइतकंच महत्त्व द्या, गुणही द्या.

जिथे मुलं वस्तीला असतात, म्हणजे हंगामी वसतिगृहात किंवा आश्रमशाळेत, तिथे रोजचा पाठ भिंतीवर आणा. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० शिक्षक होते आणि वसतिगृह सांभाळत होते. तिथल्या मुलांसाठी ते हाताने लिहिलेलं दैनिक काढत. एका कागदाचं भित्तिपत्र रोज मुलांच्या हातचं असावं: आज कोण आलं, कोण गेलं, जेवणात काय होतं, कोणाला पत्र आलं. संध्याकाळी आईची आठवण येते त्या वेळी हे काम ठेवा. वसतिगृहातली ती वेळ सगळ्यात कठीण असते आणि छात्रसेवाकालाच्या वेळापत्रकात ती कधीच नसते, कारण पाच वाजता छात्रशिक्षक परत निघालेले असतात. आठवड्यातले दोन दिवस तरी त्यांनी रात्रीच्या जेवणापर्यंत थांबावं.

मुलाबरोबर जाणारी नोंद

मूल जातं, नोंदवही शाळेतच राहते. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी आपल्याकडे शिक्षण हमी पत्रक आहे. ते मागून घेणं, भरणं आणि पालकाला समजावून देणं हे प्रत्येक छात्रशिक्षकाने एकदा तरी स्वतः करावं. पत्रकात इयत्ता, शाळा ही माहिती असतेच. त्याला पोस्टकार्डाएवढी एक चिठ्ठी जोडायला शिकवा. त्यात चार ओळी: काय वाचता येतं, गणितात कुठवर, काय आवडतं, कशाने बिथरतं. उदाहरणार्थ, 'काना-मात्रेचे शब्द वाचते, जोडाक्षर अडतं. हातच्याची बेरीज येते. चित्रं छान काढते. मोठ्या आवाजात बोललं की बोलणं बंद करते.' चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या, नाहीतर पहिल्याच आठवड्यात भिजते. तिचा फोटो मुख्याध्यापकांच्या फोनवर ठेवा आणि जिथे मूल जाणार तिथल्या शाळेचा किंवा बालरक्षकाचा (शाळाबाह्य मुलांसाठी काम करणाऱ्या शिक्षकाचा) संपर्क मिळवून एक फोन करा.

नंदुरबारच्या बाबतीत एक वेगळी बाब आहे. गुजरातेत गेलेलं मूल तिथल्या शाळेत बसलं तर ते गुजराती शिकतं. होळीला परत आल्यावर त्याच्या अक्षरांना डोक्यावरची रेघ नसते, काही अक्षरं आणि आकडे वेगळे दिसतात, आणि आपला शिक्षक म्हणतो, 'सगळं विसरून आला.' ते मूल दोन लिप्या शिकतं आहे! छात्रशिक्षकांना गुजराती मुळाक्षरं आणि अंक ओळखता येतील इतपत दोन दिवसांचा सराव द्या. नवापूर, तळोदा, नंदुरबारमध्ये गुजराती वाचणारी माणसं सहज मिळतात. शेजारी शेजारी दोन स्तंभांचा तक्ता लावला की मुलं स्वतःच कोणतं अक्षर कुठलं ते वेगळं करतात.

आईबापांशी बोलणं

संध्याकाळी, चूल पेटायच्या आधी किंवा जेवणं झाल्यावर जा. दुपारी कामावरच्या माणसाला थांबवलं तर त्याची मजुरी बुडते. खाली बसा. चहा दिला तर घ्या. पहिल्या भेटीत शिक्षणाचं महत्त्व सांगू नका. ते त्यांना आपल्याहून चांगलं माहीत असतं, अंगठा देऊन मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते त्यांनी. गाव कोणतं, किती दिवस इथे, मुलं किती, कोण आजारी आहे का, एवढं विचारा.

मुलीला पाठवा म्हटलं की हमखास प्रश्न येतो, 'मंग धाकल्याले कोन सांभाळी?' याला 'शिक्षण तिचा हक्क आहे' हे उत्तर नाही. उत्तर आहे, 'धाकल्यालाही घेऊन येऊ द्या, माय.' आणि मग खरोखर त्याची सोय करायची: वर्गाच्या कोपऱ्यात गोधडी, दोन-तीन खेळणी, पाण्याचा गडवा, जोडीतल्या दुसऱ्या छात्रशिक्षकाचं लक्ष. कडेवर भाऊ घेऊन दारात उभी असलेली मुलगी हीच बऱ्याचदा सगळ्यात शिकायला आतुर असते. बाळ रडतं म्हणून तिला बाहेर पाठवलं तर ती परत येत नाही.

कसलंही आश्वासन देऊ नका. दप्तर, गणवेश, शिष्यवृत्ती, पुढच्या वर्षीचा प्रवेश, यातलं जे आपल्या हातात नाही ते बोलू नका. मुलांना विचारल्याशिवाय आणि पालकांच्या परवानगीशिवाय फोटो काढू नका, आणि काढला तरी तो अहवालापुरता.

छात्रशिक्षकाची काळजी

जाण्याआधी राहायची जागा, शेवटच्या एस.टी.ची वेळ, नेटवर्क कुठे मिळतं, जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे, हे प्राध्यापकाने स्वतः पाहून यावं. धडगाव-अक्कलकुव्याच्या दुर्गम भागात रस्ता चुकला किंवा गाडी सुटली तर दुसरी सोय लगेच होत नाही. पिशवीत खडू, मोठे कागद, सुतळी, साबण, चटई, टॉर्च, पाण्याची बाटली, गोष्टींची पुस्तकं आणि प्रथमोपचाराची पेटी असावी. भेटवस्तू आणि चॉकलेटं नकोत. मुलांनी वाट पाहायला हवी ती शिक्षकाची.

रोज संध्याकाळी अर्धा तास जोडीने बसून तीन प्रश्नांवर बोलायचं: आज कोणतं मूल आलं नाही आणि का? कोणत्या मुलाबद्दल काहीतरी नवं कळलं? उद्या मी नसेन तर दुसरा माझा वर्ग घेऊ शकेल का? मार्गदर्शकाने आठवड्यातून दोनदा यात बसावं. दहा दिवस लळा लावलेलं पोर एका सकाळी टोळीबरोबर निघून गेलं की छात्रशिक्षिका खचते, कधी रडते, कधी मालकावर किंवा आईबापावर चिडते. ते ऐकून घ्या. मग तिला विचारा, त्याच्याबरोबर चिठ्ठी गेली का? गेली असेल तर तिचं काम झालेलं आहे, आणि हे तिला तोंडावर सांगा.

गुण कशाला द्यायचे

पाठांची संख्या मोजू नका. मी तीन गोष्टी पाहते. छात्रशिक्षकाला कोणत्याही एका मुलाचं नाव घेऊन विचारायचं, 'याला काय येतं?' आणि वही न उघडता त्याने सांगायचं. दुसरं, त्याने लिहिलेल्या चिठ्ठ्यांमधली एक उचलून अनोळखी शिक्षकाला द्यायची; ती वाचून त्याला उद्याचं काम ठरवता आलं तर चिठ्ठी चांगली. तिसरं, मुलांच्या हातचे तारीख घातलेले कागद. पहिल्या आणि शेवटच्या कागदात फरक दिसतो का? जे मूल दोनच दिवस आलं त्याचेही दोन कागद आहेत का? निरीक्षणाला बाहेरचा परीक्षक येत असेल तर त्याला या तीन कसोट्या आधी कळवा, नाहीतर तो फलकलेखन आणि प्रस्तावना शोधत बसतो.

छात्रशिक्षकाचं निघणं हेही मुलांसाठी आणखी एक जाणंच असतं. शेवटच्या दिवसाची तारीख मुलांना आठवडाभर आधी सांगा, भित्तिपत्रावर लिहा, अचानक गायब होऊ नका. 'परत येईन' असं म्हणायचं असेल तर येणार असाल तरच म्हणा. शेवटच्या दोन दिवसांत सगळ्या चिठ्ठ्यांची एक प्रत शाळेत, एक केंद्रप्रमुखांकडे, एक विद्यालयात जमा करा. पुढच्या तुकडीने जागेवर जाण्याआधी तीच प्रत वाचायची आहे. त्यातली काही मुलं पुढच्या दिवाळीनंतर त्याच पथारीवर, त्याच भट्टीवर पुन्हा भेटतात. आणि पथारीच्या मालकाशी, मुकादमाशी बोलणी सप्टेंबरातच उरकून घ्या. दिवाळीनंतर त्यांना आपल्याशी बोलायला सवड नसते.